अण्णांच्या बिस्किटांची बाजू

अण्णा,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: मामींचे कुत्रे तुमच्या हातगुणाने मेले नाही. आयुष्यभर वर्गात ज्या क्रमाने मांडणी शिकवली त्याच क्रमाने ती मी करणार आहे. आधी वस्तुस्थिती, मग आक्षेप, मग निष्कर्ष. तुम्हाला जाऊन वीस वर्षे होत आली आणि या मांडणीचा तुम्हाला काहीही उपयोग नाही, हा पहिला आक्षेप मीच नोंदवते. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. हल्ली दुपारी फार थकवा येतो. थकलेला माणूस सवयीचे तेवढेच करू शकतो, आणि मला सवय आहे ती सिद्ध करण्याची.

बदनापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातली तुमची जखमा बांधणाऱ्या ड्रेसरची नोकरी संपून बरीच वर्षे झाली होती; वयाची ऐंशी उलटल्यावर तुम्ही नवीन जालन्यात माझ्याकडे राहायला आलात. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी, एकटी राहणारी, स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याची जागा ठरलेली अशी तुमची लेक मी. आणि तुम्ही आणलेत ते जाड बुडाचे पातेले. त्यात चाळलेली वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत बोटभर लांबीची बिस्किटे, वर घट्ट झाकण. ज्वारीचे पीठ, एक अंडे, कलेजी उकडलेले पाणी. मीठ नाही, गूळ नाही. मांजरांसाठी निराळा घाणा, नखाएवढ्या तुकड्यांचा, त्यात बाजारातून आणलेल्या सुकटीची पूड. तो वास चार दिवस पडद्यांतून जात नसे. तुमच्या वडिलांच्या मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्यांसाठी तुमची आई असेच कडक रोट भाजत असे, आठ-आठ दिवस टिकणारे, कारण कळप घेऊन निघाल्यावर रोज चूल पेटेलच असे नसे. हे मला ठाऊक होते. तरी मी विचारलेच.

मी दारात उभी आहे, तुम्ही स्टोव्हपाशी पाटावर. "रोज भाकरी उरते. ती टाकावी. रॉकेल जाळून कुत्र्यांसाठी भाजायचे कशाला?"

तुम्ही मान वर करत नाही. "शिळं कुणीबी टाकतंय, बाई. टाकलेलं कोणतं अन् केलेलं कोणतं, ते त्याला बराबर कळतंय."

"हे त्याने तुम्हाला सांगितले?"

"त्याला बोलता येत न्हाई म्हणून तर कळतंय. बोलणाऱ्याला कुठं काय कळून राह्यलंय."

पुढे काही दिवसांत आपल्या दारापुढचा ओटा म्हणजे दुसरा दवाखाना झाला. कुणाची शेळी, कुणाचे वासरू, कुणाचे कान वाहणारे मांजर. तुम्ही आधी बिस्किटाचा तुकडा पुढे करत. जनावर तो कसा घेते, चावते की गिळते, यावरून तुम्हाला निम्मे कळे. लोक म्हणत, अण्णांच्या हाताला गुण आहे. मला तो शब्द सहन होत नसे. एकदा मी जेवताना म्हणाले, "बरी झालेली जनावरे लोक मोजतात. तुमच्या हाताखाली मेलेली किती, ते कुणी मोजले आहे का?" तुम्ही घास गिळून म्हणालात, "लई मेली. पर मेलेल्याचं सांगाया कोन येतंय, बाई?" आणि हसलात. वादात तुम्ही माझीच बाजू मान्य केलीत, तरी जिंकल्यासारखे मला वाटले नाही.

आता मुख्य घटनेकडे येते. तुमच्या बोटांना कंप सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि त्या उन्हाळ्याच्या सुटीत पीठ मळण्याचे काम माझ्याकडे आले. तुम्ही एकच अट घातली होती: "तुझं काही घालू नको त्यात." सांगलीकडच्या एका सहकारी बाईंनी मला घरचे बेदाणे आणून दिले होते. एके दुपारी तुम्ही झोपलेले असताना त्यातले पाव किलो मी पाट्यावर वाटून पिठात मिसळले. कारण देते. ती बिस्किटे मला नीरस वाटत. दुरुस्ती शक्य असेल तर ती करावी, एवढाच विचार होता. तुम्हाला सांगितले नाही. सांगण्याइतकी ती बाब मोठी नव्हती, आणि अट मोडल्याचे कबूल करण्याइतकी लहानही नव्हती.

मामी नात्याच्या नव्हेत. दोन घरे सोडून राहतात आणि सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते. नवरा गेल्यावर त्यांनी एक लहानसे पांढरे केसाळ कुत्रे पाळले होते. त्याला त्या "माझं पोर" म्हणत आणि स्वतःआधी जेवू घालत. दर आठवड्याला त्याचा डबा तुम्ही भरून देत होता. त्या आठवड्यात निम्म्याहून अधिक घाणा त्याच डब्यात गेला. गोड लागल्याने त्याने मागून मागून खाल्ले. दुसऱ्या दिवशी ते ओकू लागले, तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. तुम्ही त्याच्यापाशी बसून राहिलात, दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही बोलावून आणलेत. पाचव्या दिवशी ते गेले.

मामी आपल्या ओट्यावर आल्या. रडत नव्हत्या. "अण्णा, तुमच्याच हातचं खाऊन गेलं हो माझं पोर."

"व्हय माय," तुम्ही म्हणालात. "माझ्याच हातचं."

त्या गेल्यावर तुम्ही बरणीतले एक बिस्किट काढले, मोडले, वास घेतला आणि अर्धे स्वतः चावलेत. मी आत चहा गाळत होते. "गोड लागून राह्यलंय जरा," तुम्ही म्हणालात. तो प्रश्न होता. मी म्हणाले, "असेल."

त्या दिवसानंतर पातेले माळ्यावर गेले. पुढच्या महिन्यात कुणी अडलेली शेळी घेऊन आले, तेव्हा तुम्ही ओट्यावरून उठलाही नाहीत. "दवाखान्यात न्या," म्हणालात. "हाताचा गुण गेला आता." मी आतून ऐकले. लोक यायचे थांबले. सकाळी फाटकापाशी कुत्री मात्र बरेच दिवस बसून असत. तुम्ही आणखी दोन वर्षे होतात आणि त्या दोन वर्षांत तुम्ही एकाही जनावराला हात लावला नाही.

बेदाण्यांचे मला दीड-दोन महिन्यांपूर्वी कळले. कॉलेजातल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीची मुलगी जनावरांची डॉक्टर झाली आहे. ती घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे आता आता लक्षात येऊ लागले आहे. मी तिला लघवी बंद होण्याबद्दल विचारले. ती म्हणाली, बरोबर, तसेच होते.

आक्षेप घेते. आधी बिस्किटे, मग मरण, म्हणून बिस्किटांनी मरण, हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मान्य. म्हणून इतर कारणे एकेक करून वगळते. ज्वारी त्याच पोत्यातली होती, आपणही तिच्या भाकरी खाल्ल्या. अंडी, कलेजी, भांडे, विस्तव, सगळे नेहमीचेच. मामींच्या घरी त्या आठवड्यात दुसरे काही निराळे शिजले नव्हते. दुसरा आक्षेप: गल्लीतली कुत्री का मेली नाहीत? त्यांना एकेकच तुकडा मिळाला, अंगानेही ती थोराड. शिवाय डॉक्टरीण सांगते की हे एकाला बाधते, दुसऱ्याला नाही. त्यांतली दोन पुढे दिसली नाहीत. पण रस्त्यावरची कुत्री दिसेनाशी होतातच, तेव्हा तो पुरावा मी धरत नाही. सगळे वगळल्यावर जे उरते ते माझ्या हातचे आहे. तुमच्या नाही. विधान सिद्ध झाले.

हे कागद घडी करून पुस्तकात ठेवले जातील, दुसरी जागा नाही. मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. कान ठीक आहेत, सगळे आठवते. गेल्या महिन्याभरात मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसले, चहा घेतला, गुडघ्यांबद्दल बोलले. दुसऱ्या वेळी निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "तुमचे अण्णा माणूस सोन्यासारखा हो. पर माझ्या पोराच्या बाबतीत त्यांचा हात वाईट निघाला." मी चपला घातल्या आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतले.

चूक मान्य करते: हे मामींना सांगायचे होते, ते तुम्हाला लिहिले.

तुमची मुलगी