मूठ नसलेले रक्त

२ तारीख, सोमवार
पोचलो. इमारत तीन मजली, पांढरी, लखलखीत. माझी खोली सर्वांत वर. खिडकीतून मागचे आवार दिसते. पलंगावरची चादर इतकी ताणून घातली आहे की बसायला संकोच वाटला. काम अगदी मनाजोगते: रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि कच्च्या नोंदी पक्क्या वहीत उतरवायच्या. डॉक्टरबाईंनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाल्या, दहावीत गटांगळ्या खाल्लेल्या मुलाचं अक्षर वाटत नाही हो हे. मी लाजलो. घरी पत्र टाकले. धाकटी बहीण वाचून चिडवणार, दादा साहेब झाला म्हणून.

५ तारीख, गुरुवार
इथे काय चालते ते बाईंनी आज समजावले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात. शरीरात कुठे जखम झाली की तिथून सांगावा सुटतो, तो रिसेप्टरला कळतो आणि पेशी तिकडे धावते. पण खालच्या मजल्यावरच्या अकरा जणांच्या अंगात जो विषाणू आहे, तो हाच रिसेप्टर दाराच्या मुठीसारखा धरून आत शिरतो. हजारांत एखादा माणूस मुठीवाचूनच जन्मतो. विषाणू त्याच्या दारात ताटकळत मरतो. अशा माणसाच्या हाडांतल्या मूळ पेशी रोग्याला दिल्या की रोग्याचे नवे रक्तही बिनमुठीचे होते. किती सुंदर युक्ती!
असा एक माणूस चार नंबरच्या खोलीत राहतो. सगळे त्याला पाहुणा म्हणतात.

९ तारीख, सोमवार
नळ्यांच्या प्रत्येक खोक्यात तुलनेसाठी निरोगी रक्ताची एक नळी जाते. ती कर्मचाऱ्यांनी पाळीपाळीने द्यायची. आज माझी पाळी होती. या नळीवर कोणी नाव घालत नाही, नुसती रेघ ओढतात. मला ते गबाळेपणाचे वाटले. मी पूर्ण नाव, वय आणि तारीख घातली.
कंपाउंडरकाकांनी पाठवणीच्या यादीत माझे नाव पाहून कपाळावर हात मारला. म्हणाले, शहाण्या, वीस वर्षं काढली मी इथे, ती नाव न घालता, नुसत्या रेघेवर. आधी का सांगितले नाही असे विचारले, तर म्हणाले, मला कोणी सांगितलं होतं? खोके तोवर गेले होते.

१२ तारीख, गुरुवार
न्याहारीला आज दोन अंडी आणि पेलाभर दूध, फक्त मला. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. माझ्या रक्ताला मूठ नाही. लॉटरी लागली तुला, म्हणाल्या. मग भावंडे आहेत का, असे सहज विचारले. मी नाही म्हणालो. का म्हणालो, ठाऊक नाही. काका माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत.

१६ तारीख, सोमवार
पाहुण्याची वही उतरवली. हाडांत मूळ पेशींना दाव्याने बांधून ठेवणारा दुसरा एक रिसेप्टर असतो. इंजेक्शन दिले की दावे सुटते, पेशी रक्तात येतात आणि यंत्र त्या गाळून घेते. एरवी हे एखाद्याला एकदा करतात, फार तर दोनदा. पाहुण्याला एकशे बारा वेळा केले आहे. मिळालेल्या पेशींचा शेवटचा आकडा शून्य होता. मला वाटले लिहिणाऱ्याची चूक. बाई म्हणाल्या, चूक नाही, संपलंय ते.
पाहुण्याने मला विचारले, बाहेर ऊन आहे का. ऊन त्याच्या तोंडावरच पडले होते.

१८ तारीख, बुधवार
चार नंबर रिकामा झाला. मला तिथे हलवले. हवा चांगली आहे म्हणे. कडी बाहेरून आहे.

२१ तारीख, शनिवार
चौथे इंजेक्शन. हाडे आतून कोणी खरवडावीत तशी दुखतात. खिडकीतून एक बरा झालेला म्हातारा घरी जाताना दिसला. त्याची मुलगी बाईंचे हात सोडत नव्हती. बाई वर येऊन म्हणाल्या, एका माणसाच्या हाडांवर अकरा घरं उभी राहतात, तूच सांग, यात वाईट काय?

२४ तारीख, मंगळवार
अकरावे. आता दिवसाला दोन. दात हलतात. बाईंनी पुन्हा विचारले, भावंड आहे का. सख्ख्या भावंडाचे रक्त असेच निघण्याचा संभव इतरांहून फार मोठा. तसे कोणी आले तर तुझी सुटका, म्हणाल्या. नाही म्हणालो. आईची शपथ घेऊन नाही म्हणालो.

२७ तारीख, शुक्रवार
आहे म्हणालो.
धाकटीला पत्र मीच लिहिले. काम हलके, माणसे प्रेमळ, लगेच निघ. एकही खाडाखोड नाही. बाईंनी अक्षराचे कौतुक केले. आणि मला — मला बरे वाटले. दुपारचे इंजेक्शन चुकले.

३० तारीख, सोमवार
इंजेक्शन नाही. जेवलो. झोपलो. ती येऊ नये असे मनात म्हणतो, आणि जिन्यावर पाऊल वाजले की कान टवकारतो. थू माझ्यावर.

२ तारीख, बुधवार
आली. आवारात तिचे हसणे ऐकले. काकांशी थट्टा करत होती, तुमच्या मिशा खऱ्या का, म्हणून. काका हसले नाहीत. रक्त घेतले असणार.

३ तारीख, गुरुवार
तिच्याही रक्ताला मूठ नाही. बाई आनंदात आहेत. मला कधी सोडता, विचारले. सोडायचं कशाला, म्हणाल्या. उद्यापासून दोघांचे आलटूनपालटून. ती तयार नसेल तर तुझे रोज —
तिला अजून काही ठाऊक नाही; दादाला ताप आहे, दार उघडू नकोस, एवढेच सांगितले आहे. तिच्या दाराला अजून कडी नाही.

३ तारीख, दुपार
काका जेवणाचे ताट ठेवून गेले. हळूच म्हणाले, फाटक तासभर उघडं आहे, बहिणीला तूच सांग, मी सांगितलं तर तिला थट्टा वाटेल, मी पाठ करून उभा राहतो. दारापलीकडून आवाज नर्सखोलीत जाईल. म्हणून चिठ्ठी. “पळ. मागे बघू नकोस.” लिहिली. दाराखालून सरकवायची, एवढेच —

ती आली आहे. दाराशी उभी आहे. दादा, झोपलास काय रे, म्हणते. आळशी कुठला.

चिठ्ठी हातात आहे. ती गेली तर उद्यापासून रोज — फक्त माझ्याच —

पुन्हा हाक मारते आहे. मी श्वास रोखून —

पावले वळली. अजून सरकवता येईल. अजून —