सहा मिनिटं बेचाळीस सेकंद

२ फेब्रुवारी, सोमवार

पाठवली! आमच्या शाळेतल्या गाण्याच्या सिस्टरांवरची फिल्म, पहिली आवृत्ती, एकवीस मिनिटं. लिंक माजी विद्यार्थिनींच्या समितीतल्या दोघींना – मॉनिटर आणि डॉक्टरीण. दोघी माझ्याच वर्गातल्या. सोय तशी बरी आहे. लिंक उघडायची, बघायचं, जिथे काही म्हणायचं असेल तिथे थांबवून खाली लिहायचं. नेमक्या त्या सेकंदावर खूण उमटते आणि मला इथे, माझ्या टेबलावर दिसते. पूर्वी एडिटिंगच्या खोलीत मंडळी माझ्यामागे खुर्च्या टाकून बसायची, चहा प्यायची, मानेवर श्वास सोडायची. आता श्वास नाही. नुसत्या खुणा.

२१ तारखेला शाळेत नव्या संगीतकक्षाचं उद्घाटन आहे, तिथे दाखवायची. सिस्टर येणार नाहीत. एकोणनव्वद वर्षं! वृद्ध नन्सच्या आश्रमात असतात, इथून गाडीने पाच तास.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खुणा आल्या. डॉक्टरीण दोन पेशंटच्या मधल्या वेळात, आवाज बंद करून बघते. गाण्याच्या बाईंवरची फिल्म, आणि आवाज बंद! चौथ्या मिनिटाला लिहिते, "इथे काहीच घडत नाही." अगं बाई, तिथे त्या पियानो वाजवतायत!

मॉनिटरच्या एकोणीस खुणा. चौथीपासून दहावीपर्यंत वर्गाची मॉनिटर, आता समितीची अध्यक्ष. नावं लिहून घ्यायची खोड काही गेली नाही. "माझ्या भाषणात माझे डोळे मिटलेले आहेत. दुसरा शॉट वापरावा." दुसऱ्यातही मिटलेलेच आहेत. तिसऱ्यात जांभई आहे!

आणि ६:४२ ला – "कृपया हे काढावे."

कारण नाही. नुसतं कृपया.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहून काढते.

६:४२ ला सिस्टर आम्हाला शिकवलेलं एक गाणं म्हणून दाखवतात. पहिली ओळ बिनचूक. दुसरीपाशी थांबतात. ओळ आठवत नाही. पण ताल देणारा हात वरच राहतो – खाली येत नाही, हलतही नाही. त्या खिडकीकडे बघतात. अकरा सेकंद. मग हसतात आणि म्हणतात, "गेलं!"

बस. एवढंच. अख्ख्या फिल्ममध्ये जिवंत असं हेच आहे. बाकी कोनशिला, हारतुरे आणि मॉनिटरचे मिटलेले डोळे.

डिसेंबरात मी एकटी गेले होते, छोटा कॅमेरा घेऊन. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "भोंगा ना तू?" माझा आवाज फाटका, म्हणून वर्गाने पाडलेलं नाव. त्यांनी ते कधी चिडवायला वापरलं नाही. गायनाच्या तासाला सगळ्या मुली रांगेत, आणि मला त्यांनी पियानोपाशी उभं केलं – पानं उलटायला. "ओळ संपायच्या जराशी आधी उलटायचं, मुली. ऐक, म्हणजे कळेल." दहा वर्षांची होते. कट कुठे मारायचा ते मला नंतर कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि आता मॉनिटर मला सांगणार, काढावे!

९ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी आवृत्ती पाठवली. अठरा दुरुस्त्या केल्या. एकोणिसावी नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मॉनिटरचा फोन. दुपारी, मी नुकतं ताट वाढून घेतलं होतं.

"भोंगा, ते अजून तिथेच आहे."

"राहणार."

"एवढं एक ऐक ना गं माझं."

"कारण सांग, ऐकते."

"बरं दिसत नाही."

"कुणाला?"

"सगळं तुला सांगितलंच पाहिजे का?"

मी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल, पण हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत! जेवण गार झालं. शाळेत असंच करायची – आधी शिक्षा, गुन्हा मागाहून. माझं नाव फळ्यावर का लिहिलं, हे मला सातवीपासून कळलेलं नाही.

म्हातारपण झाकायचंय हिला. पाहुण्यांसमोर सिस्टर कशा, इस्त्री करून ठेवल्यासारख्या हव्यात!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शी! शी! शी!

खुणेखाली लिहिताना एक छोटा चौकोन असतो – "फक्त मला दिसावे." तिथे टिक केली की आपलं टिपण आपल्यापुरतं राहतं. मी रोज करते. आज रागाच्या भरात राहिली. ६:४२ वर लिहिलं होतं, "ही बया शाळेत फळा पुसण्यापलीकडे काही शिकली नाही. हिला माणूस चालत नाही, पुतळा हवा."

पाच तास ते तिथे सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टरणीने खाली हसरा चेहरा टाकलाय. पेशंट सोडून हे मात्र तिने लगेच वाचलं! मॉनिटरने काय लिहावं? "वाचले. तरीही कृपया काढावे."

भांडायला तरी यायचं. त्याने मी जास्तच पेटले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे म्हणाले, "अकरा सेकंदांसाठी घर डोक्यावर घेतलंयस. काढून टाक आणि मोकळी हो."

मी म्हटलं, "आपल्या लग्नाच्या व्हिडिओतून तुम्हाला अकरा सेकंद काढलं असतं तर?"

"मी आहेच किती सेकंद त्यात?"

हसू आलं, पण दाखवलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. तिसरी आवृत्ती – अकरा सेकंद कापून – समितीला पाठवली. दहा मिनिटांत मॉनिटरने "मंजूर" दाबलं. खाली लिहिलं, "मनापासून आभार." मनापासून!

आणि सभागृहात जो माणूस फिल्म चालवणार आहे, त्याला मी पाठवणार माझी आवृत्ती. अकरा सेकंदांसकट. दिवे मालवले की कोण काय करणार? मॉनिटर काय पडद्यावर चढून पुसणार?

हे बरोबर नाही, मला कळतं. तीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला एक दाखवून दुसरं दिलेलं नाही. पण हे गिऱ्हाईक म्हणजे मॉनिटर नव्हेच. सिस्टर आहेत. त्यांनाच विचारावं ना! हे आधी कसं सुचलं नाही?

आश्रमातल्या नर्सच्या फोनवर माझ्या आवृत्तीची लिंक पाठवली. सोबत लिहिलं – "सिस्टरांना दाखवा. ६:४२ वरून इथे वाद चालू आहे. ठेवू की काढू, त्यांनीच सांगावं." त्या हसतील आणि म्हणतील, ठेव. म्हणाल्या की तेच वाक्य मॉनिटरला पाठवणार. एक अक्षरही पुढे जोडणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सिस्टरांचा दिवस प्रार्थनेत गेला असणार. उत्तर नाही. मी उगाच चार वेळा पान उघडून बघितलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी एक नवी खूण. नाव – पाहुणे. वेळ – ६:४२.

"मुली, मी सांगते आहे, नर्स टाईप करते आहे. फिल्म फार छान केलीस. एवढं काढ. मला ते बघवत नाही. तुमची मॉनिटर गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या आठवड्यात इथे येऊन फोनवर दाखवून गेली, तेव्हाच मी तिला म्हटलं होतं. तू एवढ्या लांबून आलीस, इतक्या प्रेमाने ते टिपलंस – तुला सांगायचा धीर होईना. म्हणून तिला म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस, तू तुझ्या नावावर घे."

काढलं. माझ्या आवृत्तीतून काढलं. मूळ चित्रणातूनही.