तुमचं सोवळं मी कापलं

दादा, तुमचं सोवळं मी कापलं. आईला सांगितलंय की ट्रंकेत कसर लागली. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण तुम्हाला तरी खरं कळायला हवं. ज्या रेशमाला माझा हात लागला की तुम्ही परत अंघोळीला जायचात, जे नेसून दर वर्षी कारखान्यातल्या पहिल्या गणपतीचे डोळे आखायचात, त्यावर मी नवंकोरं ब्लेड चालवलं आणि माझ्या रिमोटच्या विमानाच्या पंखांवर ते चढवलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पेणच्या कारखान्यातली ती सकाळ तुमच्या लक्षातही राहिली नसेल. मी नववीत होते. मूर्ती घासायला मी चालायचे, डोळे आखायला मुलीचा हात चालत नव्हता, मग ती तुमची स्वतःची लेक का असेना. बाल्साच्या हलक्या पट्ट्या जोडून, वर पतंगाचा कागद ताणून मी पहिलं विमान केलं आणि त्याच्या नाकावर तुमच्या बारीक ब्रशनं दोन डोळे काढले. तुम्ही ब्रश शोधत आलात. विमान उचललंत, फिरवून नीट बघितलंत, खाली ठेवलंत आणि त्यावर पाय दिलात. सगळ्या कारागिरांच्या देखत. "आपल्याकडं बुडवायची वस्तू करतात गो, उडवायची नाय." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याची चीड अजून जात नाही.

आता मी रोह्यात राहते, कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट करते आणि सुट्टीला स्वयंपाकाच्या ओट्यावर विमानं बांधते. नवरा विचारतो, "आज जेवायला काय हाय, पंख का शेपूट?" रेशीम ओलं करून सांगाड्यावर ताणायचं, मग डोप म्हणतात ते उग्र वासाचं पातळ वार्निश हातावर हात देत जायचं. वाळताना कापड आपोआप आवळतं, टिचकी मारली की डफासारखं वाजतं. तुमचं सोवळं जाड आणि जुनं, दोनदा फाटलं, तरी मी हट्ट सोडला नाही. लाकडाला पॉलिश पेपर मारताना एवढासा उंचवटाही माझ्या बोटाला कळतो. ते तुमच्या मूर्ती घासून आलंय. आभार मानणार नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आपटण्यासाठी. उंच चढवायचं आणि तुमचं सोवळं ढेकळांत घालायचं, हे ठरवूनच गेल्या रविवारी कासूजवळच्या कापणी झालेल्या शेतात गेले. शेताची मालकीण बांधावर बसली होती. "कापड कसलं गो बाय? सोवळ्यासारखं दिसतंय."

"सोवळंच हाय."

"अगो बाय! मंग खाली नको पाडूस, ओवळं व्हईल."

मला हसू फुटलं. विमान चढलं, घारीएवढं दिसायला लागलं. मी रिमोटची काडी पुढे ढकलली. ते नाक खाली करून सरळ येत होतं, पंख जराही थरथरत नव्हता. ढेकळं अगदी जवळ आली आणि माझा अंगठा मागे आला. बाई ओरडली, विमान बांधावरून सुर्रकन निघून गेलं.

दया आली असं समजू नका. तुमची दया मला आजही येत नाही. पंख इतका सुरेख जमला होता, की तुमच्यावरच्या रागापायी माझ्या हातचं काम मोडवेना. आणि मग राग दुप्पट झाला, कारण तुम्हाला मोडवलं होतं, तेही नीट बघून झाल्यावर.

हे पत्र कुठे टाकणार? ओट्यावरच पडून राहील, उद्या त्यावर डोप सांडेल. जाता जाता एक कबूल करते. तुमच्या पायाखाली गेलेलं ते विमान मी एकदाही उडवून पाहिलं नव्हतं. शेपटीकडे ते जड झालं होतं, मला तेव्हाही माहीत होतं. बहुतेक पडलंच असतं. पण ते माझ्या हातून पडायला हवं होतं, दादा.