त्याला वकील मिळाला

९ ऑक्टोबर
तो सापडला. टीव्हीवर तोंडावर काळा कपडा, दोन्ही बाजूंना पोलीस. बाजारातल्या स्फोटाचा सूत्रधार म्हणे. आमची लेक प्रज्ञा त्याच बाजारात होस्टेलसाठी बादली घ्यायला गेली होती. तीन वर्षं झाली. त्या शहराचं नाव आम्ही घरात घेत नाही.
इथे घाटंजीच्या चौकात फटाके फुटले. कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्लाही. शोभाने टीव्ही बंद केला आणि कणीक मळत बसली. दोघांपुरती नव्हे, परातभर.

११ ऑक्टो.
स्टाफरूममध्ये एकच विषय. राऊत सर : "जित्ता पकडलाच काहून? तिथंच खल्लास कराले पाह्यजे होता." मी मान हलवली.
लगेच आठवीचा तास. नागरिकशास्त्र. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, असं फळ्यावर लिहिलं. पोरं फळ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. सगळ्यांना माहीत आहे. बाकी धडा वाचून काढा म्हटलं आणि बाहेर नळाशी जाऊन उभा राहिलो.

२ नोव्हेंबर
त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला. शोभाने बातमी शेवटपर्यंत ऐकली.
"तुमच्या संविधानानं त्याले वकील देला. माह्या लेकीले काय देलं?"
म्हटलं, अगं, विचारपूस न करता मारलं तर आपल्यात आणि त्याच्यात...
वाक्य पुरं केलं नाही. तिने करू दिलं नाही, आणि मलाही ते पोटातून येत नव्हतं. राऊत सरांसारखंच मलाही वाटतं. रोज वाटतं.

५ नोव्हें.
आज वाईट दिवस.
प्रज्ञा गेल्यावर विहारात पुण्यानुमोदन केलं, तेव्हा लोक वाटतात तशी भांडी न वाटता आम्ही संविधानाच्या प्रती वाटल्या होत्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर तिचा फोटो. कल्पना माझी, खळ लावली शोभाने. आज ती वस्तीत घरोघर जाऊन ओल्या फडक्याने ते फोटो सोडवून आणत होती. शेजारच्या सुलोचनाबाई धावत आल्या. "सर, शोभाताईले आवरा. पुस्तकं फाटून राह्यली."
मी रस्त्यातच ओरडलो तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "माह्या पोरीचा फोटो त्याच्या वकिलाच्या पुस्तकात नोको."
घरी आलो तर तिने सगळे फोटो परातीत वाळत घातले होते. सगळीकडे प्रज्ञा हसत होती. शेजारी बसलो. रडलो दोघंही, पण वेगवेगळे.

१८ जुलै
मध्ये काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घरात कुणी बोललं नाही.
आज पोलीस समन्स देऊन गेला. खटल्यात माझी साक्ष आहे, कारण प्रज्ञाचा देह मीच ओळखला होता.
शो. : "नोका जाऊ. त्याचा वकील तुमाले प्रश्न इचारीन. माह्या लेकीबद्दल. कायले सांगता त्याले?"

२१ जुलै
जायचं. का, ते इथे लिहून ठेवतो, कारण विहारात सांगता येणार नाही. मला फक्त एवढं हवंय की त्याने समोर बसून ऐकावं. मारून टाकला असता तर प्रज्ञा कोण होती हे त्याला कधी कळलंच नसतं. ही काही संविधानावरची निष्ठा नाही. माझा राग आहे.
शो.ने डबा बांधून दिला. तिला एवढंच सांगितलं, त्याने ऐकायला हवं. धामणगावहून रात्रीची गाडी.

२३ जुलै
साक्ष झाली.
तो किरकोळ माणूस निघाला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, माझ्याच वयाचा. त्याच्या वकिलाने अगदी सभ्यपणे विचारलं, चेहरा राहिला नव्हता तर मुलगी तुमचीच कशावरून? म्हटलं, डाव्या पायाच्या करंगळीवरून. लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली आली होती, नख पुन्हा आलंच नाही. मीच तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावलो होतो. वकील म्हणाले, एवढं पुरे. तरी मी सांगत राहिलो. सांगताना त्याच्याकडे पाहिलं.
तो जांभई देत होता.

२४ जुलै
घरी. शोभा दारातच उभी. पाणीही विचारलं नाही.
"आयकलं काय त्यानं?"
हो म्हटलं.
"समदं?"
समदं. मान खाली घालून ऐकलं, असंही सांगून बसलो. कुठून आलं तोंडात, माहीत नाही. ती उंबऱ्यावरच बसली, पदर तोंडाला लावून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा हात धरला.

२६ जुलै
सकाळी दोघांचा चहा तिने एकत्र मांडला. म्हणाली, "पुढच्या तारखेले मी बी येईन. मले पाहू द्या त्याले आयकताना."
कामं आहेत, गर्दी असते, लांब आहे, काय काय बोललो. तिने कपाटातून प्रवासाची पिशवी काढली आहे. झटकून दारामागे खिळ्याला टांगली.