गायीचा, कावळ्याचा आणि ड्रमचा घास

लाटंबार्से, डिचोली
मे २०१३

तीर्थरूप दत्तारामदादांस,

सुभाषचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत असं समजावं, उरलेली दोन पावसाळ्यानंतर टेकवीन). तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींचा खोकला गेला का? कुडाळच्या डॉक्टरने सांगितलेलं पथ्य तुम्ही पाळत नसाल ह्याची मला खात्री आहे, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. इकडे आम्ही सर्व मजेत. खरं तर फोनच केला असता. पण आमच्या घरात मोबाइलला रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि ह्या पत्रातला मजकूर तुमच्या बहिणीच्या कानाशी उभं राहून ओरडण्यासारखा नाही.

तर दादा, मी तेल काढायला घेतलं आहे. खोबऱ्याचं नव्हे, गाडीत घालायचं. खाणी बंद पडल्यापासून माझ्या ट्रकची काय दशा झाली ती तुम्ही दिवाळीला आला होता तेव्हा पाहिलीच (टपावर भोपळ्याचा वेल चढला होता, आणि भोपळे चांगले निघाले हे मान्य करायला हवं). आता तुमची भाची वैशाली पणजीकडच्या ज्या संस्थेत संशोधन करते, तिथे त्यांनी एक यीस्ट पाळलं आहे. पोदेर पाव फुगवायला जे घालतो त्याचंच हे चुलत भावंड, पण रंगाने गुलाबी आणि स्वभावाने साठवण करणारं. ह्याला साखर दिली की हे पोटात तेल धरतं. आता साखर विकत घेऊन तेल काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण काजूची बोंडं पिळल्यावर जो चोथा उरतो त्यात साखर राहतेच, आणि तो चोथा आमचा शेजारी बाबली (त्याची फेणीची भट्टी तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तिथून परत येताना रस्ता चुकला होता) गुरांपुढे टाकतो. तो शिजवायचा, गाळायचा, त्या गोड पाण्यात यीस्ट सोडायचं, आठवडाभर पंपाने हवा द्यायची. मग खाली बसणारा गुलाबी गाळ वाळवून वैशाली प्रयोगशाळेत नेते आणि त्यातलं तेल वेगळं करते. त्या तेलाचं पुढे डिझेल होतं. इतकं सोपं काम आजवर गोव्यात कुणाला सुचलं नाही ह्याचंच मला नवल वाटतं. वैशालीच्या सरांनी सांगितलंय की हे गावच्या अंगणात, गावच्या चोथ्यावर जमलं, तर वैशालीने पुढची तीन वर्षं इथेच राहून काम करावं. नाही जमलं तर प्रयोग हैदराबादला हलणार आणि त्याच्या मागे तीही (जाईना का, शिकलेली मुलगी आहे, आपण कशाला मध्ये पडा). काजूचा हंगाम संपत आला आहे, म्हणजे चोथा उरला आहे तो जेमतेम एका ड्रमचा. पण मी निर्धास्त आहे. ट्रक ह्याच तेलावर चालवत कुडाळला तुमच्या दारात आणून उभा करीन, तेव्हा वहिनींना ओवाळायची तयारी ठेवायला सांगा.

पहिल्या ड्रमचं काय झालं ते सांगतो. वैशालीने बजावलं होतं की पंप चोवीस तास चालू हवा, ह्या यीस्टला श्वास लागतो. पण तो पंप अशी घरघर करायचा की दुपारची झोप लागेना, आणि बाबलीचा जन्म काजूच्या रसात गेलेला. तो म्हणाला, "सुभाषबाब, रसाक कोणूय वारें घालता? तोंड धांप आनी वगी राव." मला त्याचं पटलं. त्याने स्वतः फडकं बांधलं, वर माती लिंपली, आणि आम्ही दोघं गप्प राहिलो. त्याच्या अंगणातल्या हवेत फेणीचं जंगली यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या नांदतंय, ते कधी आत शिरलं कळलंसुद्धा नाही. झाकण उघडलं तेव्हा गुलाबी कुठेच नव्हतं, वास मात्र असा सुटला की बसस्टॉपवरची माणसं बस सोडून आमच्या अंगणात आली. त्यांतल्या दोघांच्या हातात पेले होते (ते बरोबर घेऊन हिंडतात की काय, देव जाणे). वैशाली डोक्याला हात लावून बसली. बाबलीच्या मते मात्र प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता. "तेल कित्याक जाय? भट्टी लावया!" असं तो दोनदा म्हणाला, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा मी हो म्हणणारच होतो. पण मुलीचा चेहरा पाहिला आणि ड्रम बाबलीला देऊन टाकला. त्याचं त्याने काय केलं ह्याची मी चौकशी केलेली नाही (चांगली झाली होती).

दुसऱ्या ड्रमच्या वेळी मी स्वतः पंपाशी खाट टाकून झोपलो. बाबलीला कुंपणाच्या आत बंदी केली. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे. पाणी गुलाबी झालं, मग दाट गुलाबी झालं, आणि मी गावात चार ठिकाणी तेलाचं सांगून आलो. वैशालीने एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग म्हणाली, "पपा, इतकं यीस्ट मी आजवर बघितलं नाय. पण एकाच्याय पोटात तेल नाय. सगळी सडपातळ."

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, कंटाळू नका. ह्या यीस्टला साखर भरपूर द्यायची, पण डाळ, मासळी असलं अंग भरणारं काही द्यायचं नाही. ते मिळालं की त्याला पिल्लं घालायची उमेद येते, आणि सगळी साखर त्यातच संपते. ते मिळालं नाही की बिचारं घाबरतं, पुढे कसं होणार म्हणून साखरेची चरबी करून पोटात ठेवतं. म्हणजे त्याला लठ्ठ करायचं तर उपाशी ठेवायचं (ह्यावरून मला आपल्या काही नातेवाइकांच्या पथ्याचं कोडं उलगडलं, पण ते असो). मग आमच्या ड्रममध्ये हे अंग भरणारं आलं कुठून? मी म्हणालो, चोथा बाबलीचा, त्याने काहीतरी मिसळलं असणार. बाबलीने त्याच्या ग्रामदैवताची शपथ घेतली. आम्ही दोघं हमरीतुमरीवर येणार, इतक्यात वैशालीने काठीने ड्रम ढवळला आणि वर काय आलं असेल? कढीपत्त्याचं पान. मोहरीचे दाणे चिकटलेलं, नीट तळलेलं पान! "पपा," ती म्हणाली, "ही फोडणी कोणी दिली?"

दादा, तुम्ही तुमच्या बहिणीला लहानपणापासून ओळखता. जेवणाआधी गायीचा घास आणि कावळ्याचा घास बाजूला काढायची रीत तुमच्याच घरातून ती इथे घेऊन आली. तिने त्यात तिसरा घास वाढवला होता, ड्रमचा. रोज दुपारी मी खाटेवर जरा डोळा लावला की वाटीभर वरण ड्रममध्ये. बुधवारी मासळी म्हणून सुक्या सुंगटांची आमटी, सोमवारी मात्र नुसतं वरण, कारण सोमवारी आमच्याकडे शिवराक (यीस्टनेही सोमवार पाळला, म्हणजे पुण्य लागलंच असेल). विचारलं तर पदर खोचून मलाच म्हणाली, "जिवंत आसत मां ती? मगे उपाशी कशी ठेवतलास? आमच्या दारात आजून कोण उपाशी ऱ्हवाक नाय!" मी दमात घेतलं, वैशालीने हनुवटीला हात लावून विनवलं. तिने मान डोलावली. पण ती मान मी पंचवीस वर्षं पाहतोय, दादा. वाढायची पळी हातात आली की त्या मानेचा काही उपयोग नसतो.

बाकी सर्व क्षेम. तिसरा आणि शेवटचा ड्रम उद्या भरतोय, आणि ह्या वेळी तेल निघणार म्हणजे निघणार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
सुभाष

ता. क. लिहायचं मुख्य कारण राहिलंच. रंजनाला आठ दिवस माहेरी बोलावून घ्या. वहिनी आजारी आहेत म्हणा, सत्यनारायण आहे म्हणा, काही म्हणा. पण उद्याच बोलवा.

ता. क. दुसरा: वरचं ट्रकचं मनावर घेऊ नका. ट्रक मी गेल्या आठवड्यात विकला. ओवाळायचं रद्द. सगळं जमलं तरी एका ड्रममधून तेल निघणार छोट्या बाटलीभर, त्यात ट्रक अंगणाबाहेरसुद्धा गेला नसता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तेल नको आहे. मला वैशाली घरात हवी आहे. संध्याकाळी ती गुलाबी हात धुवायला विहिरीवर येते आणि मला ओरडते, ते मला फार आवडतं.

ता. क. तिसरा: आता बोलावणं पाठवू नका. ड्रममध्ये तेल नसलं तर मुलगी हैदराबादला जाणार, हे रंजनाला कुणी सांगितलंच नव्हतं (मला वाटलं वैशालीने सांगितलं, वैशालीला वाटलं मी). आज रात्री जेवताना ते निघालं. ती ताटावरून उठली, पिशवी भरली आणि म्हणाली, "माजो माज्या हातार विश्वास नाय. मी दादाकडे जातंय." सकाळच्या बसने ती तुमच्याकडे येते आहे, आणि हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलं आहे, तरी बस बांद्याला पोचेपर्यंत ती ते उघडेलच (रंजना, मोहरीचे दाणे मी जरा वाढवून लिहिले आहेत, हे कबूल). आत्ताच ती ड्रमच्या झाकणावर हात ठेवून रिकाम्या ड्रमला म्हणाली, "आठच दिस कळ काढा रे पोरांनो." दादा, तिला तिकडे बसवून ठेवू नका. पंगत बसवा, शेजारी बोलवा, आणि रोज तिलाच वाढू द्या.