कॉम्प्युटर बंद पडल्याची वही

तीर्थरूप मामा,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समजा. खुर्चीत बसून लिहितो आहे, तेव्हा कंबरेतून जमला तेवढाच.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे बरे आहेत. फक्त घरातल्या एका सभासदाची तब्येत गेले सात आठवडे ठीक नव्हती, आणि तुमच्या पुस्तकाचा सगळा भार त्याच्यावरच असल्यामुळे तुम्हाला सविस्तर कळवणं मला भाग आहे. सभासद म्हणजे आमचा कॉम्प्युटर. (पत्र हाताने का लिहितो आहे, त्याचं कारण वेगळं आहे. ते शेवटी येईल, धीर झाला तर.)

तर हा सकाळी अगदी शहाण्यासारखा सुरू व्हायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी, काही सांगणं नाही, विचारणं नाही, पटकन बंद. पुन्हा बटण दाबलं की पंखा एकदा घुरघुरायचा आणि गप्प. मग पाव-अर्ध्या तासाने त्याच्या मनात आलं की सुरू. या पाव-अर्ध्या तासात घरातला प्रत्येक जण आपापला उपाय करून घ्यायचा, आणि ज्याच्या उपायाला यश यायचं त्याचं वजन त्या दिवशी वाढायचं. बायको प्लग काढून, त्यावर फुंकर मारून परत लावायची. लेक सगळ्यांना खोलीबाहेर घालवायची (तिच्या मते त्याला गर्दी सोसत नाही). मी बटण पाच सेकंद दाबून धरायचो, कारण तसं कुठेतरी वाचलं होतं. मग पाच मोजताना घाई तर झाली नाही ना, अशी शंका यायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. आई मात्र काहीच करायची नाही. पलंगावर बसून स्वेटर विणत बघत राहायची आणि म्हणायची, "अरे, त्याला जरा दम खाऊ दे." आईला यंत्रातलं काही कळत नाही, हे तुम्ही जाणताच.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आम्ही त्याला आपसात 'बघू' म्हणतो, कारण त्याच्या तोंडून दुसरा शब्द सहसा निघत नाही. त्याने टेबलाखालचा पसारा ओढून बाहेर काढला, कॉम्प्युटरचा डबा उघडला, एक केबल उपसून परत बसवली आणि दोन तास खुर्चीत बसून राहिला. कॉम्प्युटर बंद पडेना. मी त्याला सांगत होतो की थांबा, आता पडेल, आत्ता पडेल. तो पडावा म्हणून मी मनातून चक्क आर्जवं करत होतो. जाताना बघूने प्रथमच लांब वाक्य उच्चारलं, "साहेब, मशीन ठणठणीत आहे, तुम्ही थोडे दिवस रजा घ्या." तो गेला, आईने पसारा आवरला आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर पत्ते लावत असताना, काळ्या राणीवर लाल गुलाम ठेवतो न ठेवतो तोच, पडदा काळा.

माझा जन्म ग्रंथालयात नोंदी करण्यात गेला, तेव्हा मी याचीही वही घातली. रकाने तीन: किती वाजता बंद पडला, खोलीत कोण होतं, मी काय करत होतो. (मी चहाला गेलो असताना बंद पडला तर 'मी काय करत होतो' यात चहा लिहायचा की त्याआधीचं काम, यावर माझे दोन दिवस गेले. शेवटी दोन्ही लिहिलं.) तेवीस नोंदी झाल्यावर वही वाचायला घेतली आणि मामा, मला घाम फुटला. तेवीसपैकी एकही वेळ अशी नव्हती की मी तुमचं हस्तलिखित टाइप करत होतो आणि तो बंद पडला. एकोणीस वेळा तिसऱ्या रकान्यात पत्ते होते. उरलेल्या वेळी 'सहज बघत होतो.' म्हणजे तुमचं काम करताना हा तासन्‌तास चालतो आणि मी उनाडक्या केल्या की हा संप करतो. यंत्राला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती माझ्यापेक्षा बरी आहे, असा विचार मनात आला. पुढचे दोन दिवस मी त्याच्याकडे नजर वर करून बघितलं नाही.

उलगडा झाला तो पेन्सिल पडल्यामुळे. टेबलाखाली वाकलो तर तुमच्या हस्तलिखिताच्या पाच लांब वह्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा डब्याच्या पाठीला टेकून उभा, बरोबर जाळीवर, जिथून पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो. हात लावला तर वह्या नुकत्याच इस्त्री केल्यासारख्या गरम. व्हॉल्व्हवरचं एकतीस पानी प्रकरण जाळीच्या मधोमध होतं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं तुम्ही जे तुंबलेले नळ मोकळे केलेत, त्यांचाच प्रकार. टाइप करायला घेतलं की गठ्ठा टेबलावर यायचा आणि त्याला श्वास मिळायचा. एरवी वह्या त्याच्या नाकावर. हा तापून बंद पडायचा आणि निवल्याशिवाय उठायचा नाही. आमचे सगळे उपाय त्याच्या निवण्याच्या वेळेवर जगत होते. गठ्ठा दर वेळी तिथे कधी ठेवला ते मला आठवत नाही, पण घरात माझ्याशिवाय त्या वह्यांना हात लावतं कोण? चूक माझीच. तशी नोंद केली आहे. आता गठ्ठा पुस्तकांच्या कपाटात कुलपात ठेवला आहे आणि गेले आठ दिवस कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या गुडघ्याने तुम्हाला फिरू द्यावं आणि तुम्ही फिरत इकडे यावं.

तुमचा भाचा

ता. क. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'निम्मं झालं' म्हणालो. 'पहिल्या प्रकरणाचं' हे शब्द मी मनात म्हटले होते. तीनशे बारा पानांपैकी अकरा झाली आहेत.

ता. क. २. गेल्या आठ दिवसांत त्यात एकाही पानाची भर पडलेली नाही. कॉम्प्युटर बंद पडत नाही, त्यामुळे पत्तेही बंद पडत नाहीत. हे पत्र टाइप करायला दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा डाव चांगला लागला.

ता. क. ३. तुमच्या फिटरमित्रांची नजर दिवसेंदिवस कमी होते आहे, त्यांना दिसेनासं होण्याआधी पुस्तक मोठ्या अक्षरांत त्यांच्या हातात द्यायचं आहे, हे मी विसरलेलो नाही. रोज आठवतं, म्हणून तर पत्ते लावतो. खरी विनंती एवढीच, की दुसऱ्या खंडाच्या वह्या इतक्यात पाठवू नका. माझी लायकी नाही.

*दादा, तुझ्या भाच्याने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे, म्हणजे त्याच्या आईकडे दिलं, म्हणून वाचलं. गठ्ठा तिथे मी ठेवत होते. पहिल्यांदा केर काढताना चुकून टेकवला आणि हा पत्त्यांवरून उठला. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं. वही घालावी लागली नाही. बंद पडलं की हा चडफडत वेळ घालवायला तुझ्या वह्या वर घ्यायचा, मग दोन ओळी वाचायचा, मग यंत्र चालू झालं की थोडं टाइप करायचा. अकरा पानं झाली ती तशीच झाली. आता कपाटाची किल्ली याच्या खिशात असते. तेव्हा दुसऱ्या खंडाच्या वह्या लगेच पाठव, माझ्या नावाने. जाड पुठ्ठ्याच्या असतील तर बरं.*