वाढत्या अंगाचे तीन मिलिमीटर

प्रति,
मा. अधीक्षक,
कृत्रिम अवयव निर्मिती केंद्र,
नवीन पनवेल.

विषय : कु. मैना शुक्रा हिलम (वय ८) हिच्या मृत्यूच्या चौकशी अहवालातील ‘पालकांचा निष्काळजीपणा’ हे शब्द खोडून तेथे अर्जदाराची चूक नमूद करण्याबाबत.

संदर्भ : १) आपला चौकशी अहवाल, दि. ११ एप्रिल २०२५.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) ‘प्रकरण दप्तरी दाखल’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार काशिराम दामू निकुंभ, वय ५४, राहणार खांदा कॉलनी, हा आपल्याच केंद्रात तळमजल्यावर बसतो. आपण जिना चढता तेव्हा तो रोज आपल्याला नमस्कार करतो. तरीही हा अर्ज टपालाने पाठवावा लागत आहे, कारण समक्ष विषय काढला की आपण “काशिराम, चहा घ्या” म्हणता आणि चहाबरोबर विषयही संपतो.

१. अर्जदार मूळचा शिंपी. एकतीस वर्षे त्याने मुलांचे कपडे शिवले. तयार कपड्यांपुढे दुकान टिकेना, तेव्हा भाचा नीलेश याने त्याला संगणकावर बसवले आणि पाच वर्षांपूर्वी तो या केंद्रात लागला. त्याचे काम असे : रुग्णाच्या अवयवाचे माप पडद्यावर घ्यायचे, त्याभोवती कृत्रिम पायाची, अंग जिच्यात बसते ती, वाटी बेतायची, अंग आणि वाटी यांच्यामध्ये ऑफसेट म्हणजे मोकळीक ठेवायची, आतल्या पोकळीत इनफिल म्हणजे जाळीचा भराव किती तो ठरवायचा आणि शेवटी सगळ्याचे कागदासारखे पातळ थर पाडून फाइल छपाईच्या यंत्राला द्यायची, म्हणजे ते यंत्र थरावर थर चढवून पाय घडवते. शिंप्याला यात परके काही वाटले नाही. कापड बदलले, बेतणे तेच राहिले. घोडे पेंड खाते ते इथेच.

२. गेल्या नोव्हेंबरात मैनाला तिचे आईवडील, श्री. शुक्रा आणि सौ. चिंगीबाई, शिरढोणजवळच्या कातकरी वाडीतून घेऊन आले. मुलीला जन्मतःच डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिले होते : ऑफसेट दोन मिलिमीटर. अर्जदाराने पाच दिला.

३. का दिला, हे अहवालात कोणी विचारलेले नाही, म्हणून अर्जदार आपणहून सांगतो. हे कुटुंब चार दिवसांत तळोज्याच्या पलीकडे वीटभट्टीवर जाणार होते, ते थेट पावसाच्या तोंडावर परतणार. मधल्या सहा-सात महिन्यांत पोर वाढणार, वाटी घट्ट होणार, आणि भट्टी सोडून पनवेलला यायला त्यांना कोण सोडणार? शिंप्याच्या दुकानात पोराचा सदरा आला की तो वाढत्या अंगाचाच शिवायचा, हे अर्जदाराच्या हाडीमाशी खिळलेले. त्याने कोणालाही न विचारता तीन मिलिमीटर वाढवले. वर चिंगीबाईंना सांगितले, “सैल वाटलं तर फडक्याची पट्टी घडी करून आत घाला. आणि पट्टी रोज धुवा हं, नाहीतर पोरीला फोड येतील.” त्या माउलीने मान डोलावली. सदरा सैल असला तर पोर गबाळे दिसते, एवढेच होते. पाय सैल असला तर काय होते, हे अर्जदाराच्या डोक्यात आले नाही.

४. मैनाने पहिल्यांदा पाय घातला तेव्हा ती केंद्राच्या व्हरांड्यात बारा वेळा इकडून तिकडे गेली. अर्जदार मोजत होता. तेराव्या वेळी ती त्याच्यापाशी थांबून म्हणाली, “काका, ह्यो माजाच हाय ना? परत नाय ना द्यायचा?”

५. दिनांक १८ मार्च रोजी सकाळी चिंगीबाईंनी पट्टी धुऊन वाळत घातली. पट्टी ओली होती म्हणून मैनाने पाय तसाच चढवला आणि चिखल भिजवायच्या खड्ड्यावर ती कळशी घेऊन गेली. काठावर पाय रुतला. ती पुढे गेली आणि पाय मागे राहिला. शुक्रा धावत पोचला तेव्हा पाय चिखलात सरळ उभा होता आणि पोर पाण्यात होती.

६. अहवाल म्हणतो, “कृत्रिम पाय पूर्णतः शाबूत आढळला, सबब निर्मितीत दोष नाही. पालकांनी मुलीस पट्टीविना पाय घालू दिला, हा पालकांचा निष्काळजीपणा होय.” महोदय, पाय शाबूत राहणारच. पोर दगडमातीत वावरणार म्हणून अर्जदाराने इनफिल साठ टक्के भरला होता. भराव चोख होता, चूक मोकळीकीत होती. न मोडलेल्या पायाने अर्जदाराला सोडवले आणि त्या बाईला अडकवले.

७. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर कळवण्यात आले की तक्रार बाधित व्यक्तीनेच करावी. दुसऱ्यावर विहित नमुना भरण्यास सांगण्यात आले. त्यात ‘गैरअर्जदाराचे तक्रारदाराशी नाते’ असा रकाना होता. अर्जदाराने ‘तोच’ असे लिहिले, म्हणून नमुना अपूर्ण ठरला. तिसऱ्यावर उत्तर आले की अर्जदारास जानेवारीत उत्कृष्ट कामाचे प्रशस्तिपत्र दिलेले असल्याने त्याची चूक संभवत नाही. अर्जदाराने आयुष्यात अनेक गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण चूक कबूल करायला इतके खेटे कधी घातले नव्हते.

८. अर्जदार गेल्या रविवारी वाडीत जाऊन आला. तो अहवाल तिथल्या एका शिकलेल्या मुलाने चिंगीबाईंना वाचून दाखवला आहे. त्या आता पाण्यावर जात नाहीत, फारसे बोलत नाहीत. अर्जदाराने पाच आणि दोनचा हिशेब मांडून सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुमी चांगले मानूस हाव, म्हनून सांगताव. पन सायबाच्या कागदात तसा नाय. पट्टी मीच धुतली ना? मीच मारली माजी मैना.” अर्जदार तिथेच ओट्यावर बसून रडला.

९. तरी विनंती की, सरकारी कागदावर ती बाई विश्वास ठेवते, माणसाच्या तोंडावर नाही, हे ध्यानात घेऊन अहवालाचे शुद्धिपत्रक काढावे. अर्जदारास कामावरून कमी करावे, पोलिसांत द्यावे, जे नियमात बसेल ते करावे. त्याची तक्रार राहणार नाही. शुद्धिपत्रक निघाले की ते वाडीत नेऊन वाचून दाखवण्याचे काम मात्र त्यालाच द्यावे.

माप चुकलेला, आपला नम्र,

(सही)
काशिराम दामू निकुंभ
नवीन पनवेल, दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) मैनाच्या पायाच्या फाइलची छापील प्रत. ‘ऑफसेट ५’ याभोवती तांबड्या शाईने गोल केला आहे.
२) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, परत.
३) शुद्धिपत्रकाचा मसुदा. फक्त आपली सही हवी.
४) फडक्याची पट्टी, एक. पुरावा म्हणून चिंगीबाईंनी दिली. ती पाहून झाल्यावर त्यांना परत करायची आहे. त्यांनी निरोप दिला आहे की पट्टी स्वच्छ धुतलेली आहे.